कवचाचा चुरा

साकाइमिनातोच्या बंदरावर, पहाटे साडेतीनला,
माझी आई खेकडे सोलायची.
चाळीस हिवाळे. पेरापेरांवर पांढऱ्या रेघा,
मीठ चरून चरून पडलेल्या.
मांस ओसाकाच्या हॉटेलांना,
कवचांचे ढीग घारींना आणि आम्हाला.

आता ती कवचं माझ्याकडे येतात.
आम्लात चुना विरघळवायचा, अल्कलीत प्रथिनं,
मग उरतो फिकट, बिनवासाचा भुगा. कायटिन.
साखरच ही, पण जिभेला गोड न लागणारी,
मण्याला मणी लागून झालेली.
खेकड्याच्या पाठीत ती, टोळाच्या गुडघ्यात ती,
आणि भातावर करपा पाडणाऱ्या बुरशीच्या भिंतीतही तीच.

बुरशी येते दवाच्या थेंबातून, पाय न वाजवता.
पानाला डोळे नाहीत, रक्त नाही,
गस्तीला पाठवावं असं कुणी नाही;
पेशी न् पेशी आपापल्या घरात कोंडलेली.
तरी उंबऱ्याशी एक विकर बसलेलं असतं
येणाऱ्याची भिंत कुरतडत.
चुरा पडतो.
त्यातला एक तुकडा दोन हात दोन बाजूंनी धरतात
आणि चाचपतात.

आठ मणी.

मग कॅल्शियम आत धावत सुटतं,
पानाची बारीक बारीक तोंडं मिटतात,
भिंतींवर आतून लिंपण चढतं.
अंधाऱ्या खोलीत माझ्या पानाच्या चकत्या उजळतात,
मला दिसत नाही, यंत्राला दिसेल एवढ्याच.
तेराव्या मिनिटाला कागदावरची रेघ उंच जाते
आणि दमल्यासारखी उतरते.

फेब्रुवारीत आईला काचगृहात आणलं.
ऐंशीची. गुडघ्यांना पट्टे, डोक्याला तेच बंदरावरचं फडकं.
मी सांगत गेले, ती पानावरून अंगठा फिरवत राहिली.
"म्हणजे माझ्या खेकड्याला हे रोग समजतं?"
"हो."
"बिचारं."
कोण, ते तिने सांगितलं नाही.

परतताना गाडीत, मी काही न विचारता:
"सात वर्षांची होते. भोंगा झाला की
खिडक्यांना काळं कापड, चुलीवर पाणी.
विमान दर वेळी यायचंच असं नाही.
भात मात्र दर वेळी कच्चा राहायचा."

माझ्या वहीत हेच आकड्यांत आहे.
रोज फवारलेली रोपं चार बोटं बुटकी,
लोंब्या हलक्या.
करपा मात्र नाही.

आणि बुरशीही कच्च्या गुरूची चेली नाही.
एक प्रथिन ती पुढे धाडते, सांडलेला आपलाच चुरा
ओटीत वेचून घ्यायला,
त्या दोन हातांना काही लागू नये म्हणून.

एक गोष्ट मी आईला सांगितली नाही,
कारण मलाच ती अजून नीट सांगता येत नाही.
मुळांपाशी दुसरी बुरशी येते, स्फुरद घेऊन.
तिचा तुकडा चार मण्यांचा.
साखर तीच. दोराही तोच.
मूळ बाजूला सरून वाट देतं.

चाराला ये म्हणायचं, आठाला थांब.
मधल्या पाच-सहा-सातांचं काय,
यावर आमच्या मजल्यावर दोन तट आहेत,
आणि शिबुया तर डबा उघडा टाकून भांडतो.

रात्री आईने खेकडा फोडला.
तिच्या हातांना अजून बघावं लागत नाही;
बोट सांध्यावर जातं, सांधा सुटतो.
तांगडीचं मांस तिने माझ्या वाडग्यात ठेवलं,
कवचं वर्तमानपत्रात गुंडाळली.
"ने. तुझ्या भाताला भिववायला."

मग पातेल्यावरचं झाकण उचलून
वाफेत तोंड घालून बघितलं,
एक शीत बोटांत दाबून,
शिजला का.